गावी राहून मुलांना घरी शिकवायचं तर दिवस कसा लावायचा: आमची पाच वर्षांची घडी

आम्ही रत्नागिरी तालुक्यात राहतो, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, कौलारू घर, मागे नारळ-सुपारीचं आगर आणि वर कातळाला लागून थोडी हापूसची कलमं. मोठी बारा वर्षांची आहे, धाकटा आठचा. मोठी दुसरीपर्यंत शाळेत जायची, धाकटा कधीच गेला नाही. घरी शिकवायला लागून आता पाच वर्षं झाली, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत पुण्या-मुंबईहून गावी परत यायचा विचार करणाऱ्या ओळखीच्या चार-पाच जणांनी मला फोन करून हेच विचारलं की तुम्ही नक्की करता काय दिवसभर, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. घरात शाळा भरवू नका. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं. जूनमध्ये सुरुवात, भिंतीवर फळा, टाइमटेबल, ९ ते १० गणित, १० ते ११ मराठी असं. आणि जून म्हणजे कोकणात काय असतं ते तुम्हाला माहितीय, तरवा म्हणजे भाताची रोपं काढायची, लावणीला माणसं मिळत नाहीत, जी मिळतात त्यांच्या न्याहारीचं बघायचं, कौलं गळतायत, लाईट गेलेली, आणि मी इकडे अपूर्णांक शिकवतेय आणि मुलं खिडकीतून शेताकडे बघतायत. दोन महिन्यांत घरात सगळेच रडकुंडीला आले. मग आम्ही उलट केलं. घराचा दिवस जसा असतो तसाच राहू दिला आणि त्यात तीन खुंट्या ठोकल्या, रोज त्या तीन वेळांना शिकायचंच, बाकी दिवस कामाप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे जाईल तसा जाऊ द्यायचा. ती घडी आजपर्यंत टिकली आहे.

आता क्रमाने सांगते.

पहिलं काम कागदपत्रांचं

हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात आधी हेच करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. दाखल केलं नाही तर पालकाला दंड किंवा शिक्षा असं काही त्यात लिहिलेलं नाही, आणि घरी शिकवण्याला वेगळी मान्यताही दिलेली नाही. म्हणजे जागा जरा धूसर आहे आणि ते मान्य करूनच पाऊल टाका. चांगली गोष्ट ही की कलम ४ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात घ्यायची तरतूद आहे, म्हणजे उद्या मुलालाच शाळेत जावंसं वाटलं तर पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही. मोठीला आम्ही दर मे महिन्यात विचारतो, जायचंय का शाळेत म्हणून, आणि मनापासून विचारतो.

गावातले शिक्षक शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेसाठी घरी येतात. आमच्याकडेही आले. लपवाछपवी करू नका, पडवीत बसवा, चहा करा, मुलांच्या वह्या पुढे ठेवा आणि मुलांनाच बोलू द्या. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, वाडीवरच्या शाळांचा पट आधीच कमी आहे, आपली दोन मुलं कमी होणं त्या शिक्षकांना जाणवतं, म्हणून आपण शाळेच्या विरोधात आहोत असं वागू नका. मी दर शनिवारी सकाळी आमच्या गावच्या शाळेत जाऊन गोष्टी वाचून दाखवते, दोघंही सोबत येतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आमची मुलं नाचतात. हे नातं फार कामाला येतं, आणि कामाला आलं नाही तरी ठेवावं.

फाईलमध्ये काय हवं ते सांगते. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि मूल शाळेत गेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला. या सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी आहे का ते आत्ताच बघा. मोठीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती आणि ती दुरुस्त करायला मला ऑफिसात चार खेपा माराव्या लागल्या. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, पुढे जातीचा दाखला काढायला त्या लागतात. आणि फाईल कपाटात ठेवू नका. आमच्याकडे पावसात कपाटात बुरशी येते, एका आषाढात कपाटातल्या निम्म्या वह्यांवर पांढरी लव आली होती, तेव्हापासून कागद सगळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत, तळाला वेखंड आणि सुकलेला कडुनिंब. दसऱ्यानंतर ऊन पडलं की पेटी खळ्यात, म्हणजे अंगणात, उघडून सगळं वाळवायचं.

दिवसाच्या तीन खुंट्या

पहिली खुंटी सकाळची बैठक. साडेसहाला उठणं, विहिरीवर तोंडं धुणं, धाकट्याने कोंबड्या सोडायच्या, मोठीने आजोबांबरोबर आगरात जाऊन पडलेले नारळ आणि चुडतं गोळा करायची. आठला पेज किंवा घावणे. साडेआठ ते साडेदहा पडवीत चटईवर बसायचं. फक्त दोन तास, आणि त्यातही धाकटा एक तासच बसतो, त्याहून जास्त आठ वर्षांच्या मुलाला मी बसवत नाही. या वेळेत फक्त गणित आणि लेखन. बाकी कुठलाही विषय या वेळेत आणायचा नाही हा आमचा नियम आहे, कारण हे दोनच विषय असे आहेत जे रोज केले नाहीत तर मागे पडतात. इतिहास-भूगोल महिनाभर नाही केला तरी काही बिघडत नाही, भागाकार आठवडाभर नाही केला की मूल पहिल्यापासून सुरू करतं.

दुसरी खुंटी दुपारचं वाचन. जेवणं झाली की घर झोपतं, तेव्हा तास-दीड तास दोघांनी आपापलं वाचायचं, काय वाचायचं ते त्यांनी ठरवायचं. धाकटा सहा महिने फक्त चित्रं बघायचा. मी काही बोलले नाही, खूप वेळा बोलावंसं वाटलं तरी नाही बोलले. सातव्या महिन्यात तो एकदम वाचायलाच लागला. पुस्तकांसाठी खर्च फार नाही, बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंक मिळतात, आणि रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची आम्ही मेंबरशिप घेतली आहे. ते वाचनालय १८२८ सालचं आहे, मोठीला पहिल्यांदा नेलं तेव्हा तिने तिथल्या तिथे वजाबाकी करून सांगितलं होतं की आई हे टिळकांच्या जन्माच्या २८ वर्षं आधीचं आहे, कारण टिळक १८५६ चे हे तिला जन्मस्थान बघून आल्यापासून पाठ होतं. महिन्यातून दोनदा रत्नागिरीला बाजाराला जायचं असतंच, तेव्हा पुस्तकं बदलून आणतो.

तिसरी खुंटी दिवेलागणीचा परवचा. ही आजोबांची. देवाजवळ दिवा लागला की शुभंकरोति, मग पाढे, आणि त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे. मला स्वतःला पाऊणकी येत नव्हती, मुलांबरोबर शिकले. सुरुवातीला मला वाटायचं की ही नुसती घोकंपट्टी आहे, मोबाइलवर कॅल्क्युलेटर असताना कशाला. मग एक दिवस ती पाऊणकी समुद्रावर घेऊन गेलो आणि माझं मत बदललं.

पाऊणकी आणि भरती

हे जरा सविस्तर सांगते कारण घरी शिकवणं म्हणजे काय हे मला स्वतःला त्या महिन्यात कळलं.

आपल्याकडे जुन्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, परत सहा तासांनी भरती. आजोबांनी हे सांगितलं आणि मोठीने विचारलं, खरं कशावरून? तर म्हटलं चला बघू.

खडकाला लागून एक जुना लाकडी खांब आहे, त्यावर धाकट्याने ऑइलपेंटने वीतवीतभर अंतरावर रेघा मारल्या. पुढचे पंधरा दिवस जमेल तेव्हा दिवसाउजेडी जाऊन पाणी कुठल्या रेघेपर्यंत चढलं आणि किती वाजता उतरायला लागलं ते वहीत लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात कालनिर्णय बघून तिथी आणि तिची पाऊणपट. मोठं माणूस कायम सोबत, एकटं पाठवायचं नाही. पंधरा दिवसांनी वही बघितली तर हिशोब आणि प्रत्यक्ष यात आमच्या किनाऱ्यावर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक येत होता, पण रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते हे मात्र बरोबर दिसत होतं. मग फरक का येतो यावर चार दिवस घरात चर्चा. एक म्हणजे किनाऱ्याचा आकार प्रत्येक ठिकाणी वेगळा. दुसरं म्हणजे चंद्राला रोज सुमारे ५० मिनिटं उशीर होतो, बरोब्बर ४५ नाही, पाऊणपट ही सोयीची ठोकळ संख्या. मोठीने पाऊणपट म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटं हे स्वतःच काढलं, आणि अपूर्णांकाला दशांशात कसं लिहायचं हे मी शिकवायच्या आधी तिला हवं होतं म्हणून तिने मागितलं. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची भरती वरच्या रेघांपर्यंत आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मध्येच थांबते हेही रेघांवर दिसलं, मग सूर्य-चंद्र एका रेषेत असणं आणि नसणं हे संत्री आणि लिंबू घेऊन खळ्यात समजावलं.

एका खांबातून गणित, भूगोल, विज्ञान, पंचांग आणि लेखन सगळं झालं आणि वेळ लागला तीन आठवडे. पण हेही सांगते की ते झालं कारण पाऊणकी आधीच पाठ होती. नुसतं "निसर्गात शिकू द्या" म्हणून मुलं सोडून दिली असती तर शिंपले गोळा करून घरी आली असती. रोजची बैठक आणि परवचा हवाच, मग समुद्र शिकवतो.

ऋतूप्रमाणे वर्ष कसं वाटायचं

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आमचं अभ्यासाचं खरं वर्ष नवरात्रानंतर सुरू होतं.

जून-जुलै शेतीचे. लावणी चालू असते तेव्हा बैठक एक तासावर आणायची, अपराधी वाटून घ्यायचं नाही. मुलं चिखलात उतरतात, तरवा पोचवतात, आवण म्हणजे काय, भात कुठल्या खाचरात गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, आणि कुठे हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, हे त्यांना कळतं. पावसाळ्यातला आमचा कायमचा प्रयोग म्हणजे पाऊस मोजणं. सरळ भिंतीचा, म्हणजे तोंड आणि तळ सारख्या रुंदीचा डबा घ्यायचा, उघड्यावर दगडात पक्का बसवायचा, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मिलिमीटर मोजून डबा रिकामा करायचा. हवामान खातंही साडेआठलाच मोजतं म्हणून तीच वेळ, म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरातल्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघता येतो. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला तर जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अतिमुसळधार असे खात्याचे टप्पे आहेत, ते पडवीच्या खांबावर लिहून ठेवलेत.

आणि मग त्यातला सुंदर भाग. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आमच्या छपराच्या पुढच्या पाख्याखालची, म्हणजे उतरत्या बाजूखालची जागा १० मीटर बाय ६, म्हणजे ६० चौरस मीटर, म्हणजे १०० मिमी पावसात तिथे ६,००० लिटर पाणी पडतं. धाकट्याला हे खरं वाटेना. पन्हळ हजार लिटरच्या टाकीला जोडून दिली आणि डब्यात साधारण १७ मिमी झाल्यावर टाकी भरून वाहायला लागली, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की तोच विचारतो, एवढं पाणी गेलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला अख्खं वर्ष लागलं, कातळ, चिरा, उतार, झरे सगळं त्यात आलं.

गणपतीत अभ्यास पूर्ण बंद. चाकरमानी येतात, घर भरतं, आरत्या, भजनं, जाखडी, रात्री जागरणं. त्या दहा दिवसांत मुलं जेवढी माणसं आणि जेवढं पाठांतर शिकतात ते मी वर्षभरात शिकवू शकत नाही. ऑक्टोबरात कापणी-मळणी, आणि एकदा भात कणगीत गेलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सोन्यासारखे, हवा छान, काम कमी, तेव्हा अवघड गणित, इंग्रजी, व्याकरण सगळं याच महिन्यांत करून घ्यायचं, आणि भटकंतीही याच दिवसांत.

भटकंतीला लांब जायची गरज नाही. उक्षीची कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायला गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या हत्तीचं चित्र मुलांनी काठावर उभं राहून अंदाजाने आलेखाच्या कागदावर काढलं, एक चौकट म्हणजे दोन पावलं असं प्रमाण धरून, प्रमाणभागिता तिथेच झाली. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, रोजच्या वाटेत असं काहीतरी असू शकतं हे कळल्यापासून मुलं सड्यावर मान खाली घालून चालतात. रत्नागिरीचं मत्स्यालय, थिबा राजवाडा, जयगडचा किल्ला एकेका दिवसात होतं. मंडणगडकडचं वेळास लांब पडतं, पण कासवांची पिल्लं समुद्रात जाताना एकदा तरी दाखवा, उन्हाळ्याच्या तोंडाशी.

मार्चमध्ये शिमगा, पालखी घरी येते, परत अभ्यास ढिला. एप्रिल-मे आंबा, काजू, रातांबे म्हणजे कोकमाची फळं. तेव्हा पुस्तक मिटून ठेवतो आणि मोठीच्या हातात हिशोबाची वही देतो. किती डझन उतरला, पेटीत किती भरला, गाडीभाडं किती, दलाली किती, हातात काय राहिलं. गेल्या वर्षी तिने आम्हाला दाखवून दिलं की एका खेपेत पेट्या कमी पाठवल्यामुळे भाडं दर पेटीमागे किती जास्त पडलं, आणि तिचं बरोबर होतं. धाकटा आमसुलांवर. रातांबे फोडून बिया बाजूला, सालं रसात बुडवून उन्हात, परत रसात, परत उन्हात, प्रत्येक वेळी वजन करून लिहायचं. पाणी उडून जातं म्हणजे नक्की काय होतं हे त्याला तराजूवर दिसलं.

मोठ्या माणसांची कामं कोणी करायची

हा भाग लोक विचारत नाहीत आणि इथेच सगळं मोडतं. घरी शिकवणं म्हणजे आईने एकटीने शिकवणं असं झालं तर सहा महिन्यांत आई आजारी पडते, मी पडले होते. आता आमच्यात वाटणी स्पष्ट आहे. सकाळची बैठक माझी. त्या दोन तासांत चूल, फोन, दारावर आलेलं माणूस, यातलं काहीही माझ्याकडे नाही, ते सासूबाई आणि नवरा बघतात. दुपारी मी माझं काम करते, घरून थोडं अकाउंट्सचं काम घेते, तेव्हा मुलं वाचत असतात आणि माझ्याकडे यायचं नाही. संध्याकाळ आजोबांची. आठवड्यातून दोन दिवस मुलं पूर्ण बाबांबरोबर, बागेत, बाजारात, पंप दुरुस्तीला, जिथे तो जाईल तिथे. ही वाटणी तोंडी ठेवू नका, कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा.

पैशाचं पण बोला आधी. दोघांपैकी एकाची कमाई कमी होते, हे खरं आहे. आमची झाली. शाळेची फी आणि गाडीभाडं वाचतं पण ते त्या मानाने थोडं असतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत घालायला वेळ लागतो. सासूबाई पहिलं वर्षभर गप्प होत्या, शेजारच्या आज्जी तर रोज गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून विचारायच्या, "पोरांना शाळंत घालायची नाय काय गो?" वाद घालू नका. आम्ही आज्जींनाच शिकवायला लावलं. त्यांना झाडपाल्याची आणि रानभाज्यांची जी माहिती आहे ती दुसऱ्या कोणाला नाही, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी कुठे उगवते आणि कशी निवडायची हे मोठी त्यांच्याकडून शिकली आणि तिची वही आज्जींना वाचून दाखवली. त्यानंतर आज्जीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्याकडे शिकते म्हणून.

मित्र, रेंज आणि लाईट

मित्र नसतील का हा प्रश्न सगळे विचारतात. वाडीतली मुलं पाचला शाळेतून येतात, त्याच्या आत आमच्या मुलांची सगळी कामं संपलेली असलीच पाहिजेत, कारण पाच ते सात हा क्रिकेटचा, लगोरीचा, पुळणीवर जायचा वेळ आहे आणि तो चुकवला तर मूल खरंच एकटं पडतं. परीक्षेच्या दिवसांत वाडीतली मुलं खेळायला येत नाहीत, तेव्हा आमची दोघं त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसतात. मोठीला मात्र तिच्या वयाच्या मुली कमी मिळतात, हे मी लपवणार नाही, त्यासाठी तिला आठवड्यातून एकदा रत्नागिरीला तबल्याच्या क्लासला नेतो.

रेंजच्या भरवशावर काहीच ठेवू नका. वारा सुटला की लाईट जाते, कधी दोन दिवस येत नाही, टॉवर पण बंद पडतो. लागतील ते व्हिडिओ आणि पीडीएफ मेमध्येच डाउनलोड करून ठेवायचे, महत्त्वाच्या पुस्तकांची प्रिंट काढून घ्यायची, पॉवर बँक आणि चार्जिंगचे दोन कंदील. मोबाइल मुलांच्या हातात आठवड्यातून ठरलेल्या तीन वेळा, मोठ्या माणसाच्या शेजारी बसून.

जिवाची काळजी

मुलं दिवसभर बाहेर असतात म्हणून हे आधीच पक्कं करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुलांना चित्रावरून ओळखता आले पाहिजेत, पण ओळखायचे ते लांब राहण्यासाठी. लाकडांच्या ढिगात, गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही, पावसात जमिनीवर झोपायचं नाही. चावलाच तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही, अंगठी-कडं काढून टाकायचं, हातपाय न हलवता आडवं ठेवायचं, १०८ ला फोन आणि थेट सर्पदंशाची लस असलेलं हॉस्पिटल. ते आपल्याला सगळ्यात जवळ कुठलं आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का ते आजच विचारून ठेवा. लावणीनंतर ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा की मूल चिखलात काम करत होतं, लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना लगेच येते. आणि समुद्र, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आमचा नियम सोपा आहे, होड्या वर ओढलेल्या असताना मुलं पाण्याच्या जवळ जात नाहीत, आणि नारळी पौर्णिमेआधी पाण्यात पाय घालत नाहीत.

दहावीचं काय

तीन वाटा आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, आपलं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे, जाऊन समोर बसून माहिती घ्या. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही आहेत. आणि एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, तिथे दहावीला वय १४ पूर्ण लागतं, मराठी माध्यम आहे, किमान पाच विषय आणि त्यात एक तरी भाषा, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि पाच वर्षांच्या आत एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. आम्ही मोठीसाठी एनआयओएसचं ठरवतोय कारण तिला मे महिन्यात बाग सोडून अभ्यास करायचा नाहीये आणि तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरला बसता येतं. तुमच्या मुलाला पुढे इंजिनिअरिंग-मेडिकल करायचं असेल तर दहावी-बारावीचे विषय निवडतानाच त्या प्रवेशाचे नियम वाचा. आणि कुठल्याही बोर्डाची फी, तारखा, अटी दरवर्षी त्यांच्या साईटवरूनच बघा, एजंटच्या हातात पैसे देऊ नका.

पहिले पंधरा दिवस असे काढा

मूल शाळेतून नुकतं काढलं असेल तर पहिले पंधरा दिवस अभ्यास घेऊ नका. एक जाड वही घ्या आणि फक्त लिहा, मूल किती वाजता आपणहून उठतं, कधी चिडतं, कधी कुठल्या कामात तास-तास रमतं, घरात कोण कधी मोकळं असतं. त्या वहीतून तुमच्या तीन खुंट्या कुठे ठोकायच्या ते दिसेल, त्या आमच्यासारख्या नसतील, गाय दुभती असेल तर सकाळ तुमची नसणारच, मग दुपार धरा. सोळाव्या दिवशी एकच खुंटी सुरू करा, परवच्याची, कारण ती सगळ्यात सोपी आणि घरातलं प्रत्येक माणूस त्यात बसतं. महिन्याने दुपारचं वाचन. सकाळची बैठक सगळ्यात शेवटी, अर्ध्या तासापासून. ती वही मात्र बंद करू नका, रोज रात्री चार ओळी, आज काय केलं, काय वाचलं, काय विचारलं, महिन्याच्या शेवटी मुलाच्या कामाचे दोन-तीन कागद त्याच तारखेने पेटीत. सर्व्हेला कोणी आलं, शाळेत परत घालायचं झालं किंवा रात्री झोप न येता आपलं चुकतंय का असं वाटलं, तर तीच वही काढून बघायची असते. आमच्या पाच झाल्यात, सहावी या पाडव्याला सुरू केली.